चार्ल्सटनला जाताय? आधी तिथलं पंचांग पाहा

शार्लट, रॅले, अटलांटा इथल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात एक बेत हमखास शिजतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, सोमवारची सुट्टी जोडून आलेली असते आणि सगळ्यांना समुद्र पाहायचा असतो. मग गाडी निघते दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनकडे. शार्लटहून साधारण साडेतीन तास, अटलांटाहून पाच. तिथे घोडागाडीतून फेरी होते, रंगीत घरांच्या रांगेसमोर फोटो होतात, अननसाच्या कारंज्यापाशी आणखी फोटो होतात, एखाद्या जुन्या मळ्यातली ओकच्या झाडांची कमान पाहून होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचा रस्ता. शहर देखणं आहे, त्यामुळे कुणी निराश होऊन येत नाही. पण या फेरीत तिथली माणसं भेटत नाहीत. ज्यांनी हे शहर हातांनी उभं केलं, ज्यांचा स्वयंपाक आज महागड्या हॉटेलांत ‘दक्षिणेची खासियत’ म्हणून वाढला जातो, त्यांचे वंशज आजही त्या परिसरात राहतात. त्यांचे उत्सव, बाजार, प्रार्थना, खाणावळी आपल्यालाही खुल्या आहेत. त्या कधी आणि कुठे हे पाहून निघालं, तर तेवढ्याच दोन दिवसांत वेगळं चार्ल्सटन दिसतं. त्यासाठी हा लेख.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हे शहर आहे. इंग्रजांची वसाहत 1670 ची. दहा वर्षांनी ती आजच्या जागी आली. अठराव्या शतकात तिला श्रीमंती दिली ती भाताने. भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वरच्या अंगाला फुगतं, ते लाकडी दारांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, अशी ती शेती होती. कोकणातली किंवा गोव्यातली खाजणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही बांधांची आणि दारांची रचना चटकन समजेल. फरक एवढाच की खाजणाच्या बांधाचं मुख्य काम खारं पाणी बाहेर ठेवण्याचं. इथे भरतीलाच शेत भिजवण्याच्या कामाला जुंपलं होतं. ते बांध घातले, चिखल उपसला, भात लावलं, कापलं आणि पाखडलं ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी. त्यांतल्या अनेकांना भातशेती आपल्या पश्चिम आफ्रिकेतल्या मुलखातूनच अवगत होती. अठराव्या शतकात बराच काळ या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा आफ्रिकन वंशाची माणसं जास्त होती. किनाऱ्यालगतच्या बेटांवर त्यांचा समाज बराचसा आपापला वाढला आणि त्यातून स्वतःची भाषा, स्वतःची रांधप, गाणी आणि हातकाम असलेली गला-गीची संस्कृती घडली. उत्तर कॅरोलायनापासून फ्लॉरिडापर्यंतच्या या किनारपट्टीला अमेरिकी संसदेने 2006 मध्ये राष्ट्रीय वारसापट्टा म्हणून मान्यता दिली.

कधी जावं

मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सतरा दिवस ‘स्पोलेटो फेस्टिव्हल यूएसए’ चालतो. संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांनी 1958 मध्ये इटलीतल्या स्पोलेटो गावी महोत्सव सुरू केला होता. त्याची अमेरिकी शाखा 1977 मध्ये चार्ल्सटनला सुरू झाली. ऑपेरा, नृत्य, नाटक, जॅझ सगळं असतं. तिकिटं स्वस्त नाहीत आणि चांगल्या जागा लवकर जातात. एकच तिकीट काढायचं असेल तर डॉक स्ट्रीट थिएटरमधल्या चेंबर म्युझिकच्या दिवसाच्या बैठकीचं काढा. मोजके वादक, लहानसं सभागृह आणि लक्ष देऊन ऐकणारा प्रेक्षक. पाश्चात्त्य संगीताचा कान नसलेल्या, पण घरगुती मैफलींत वाढलेल्या आपल्या ज्येष्ठांनाही तिथे परकं वाटत नाही. त्या नावाचं नाट्यगृह चार्ल्सटनमध्ये पहिल्यांदा 1736 मध्ये उघडलं. आजचं सभागृह एका जुन्या हॉटेलच्या वास्तूत 1937 मध्ये उभं राहिलं.

त्याच दिवसांत शहराचा सांस्कृतिक विभाग ‘पिकोलो स्पोलेटो’ भरवतो. 1979 पासून चालत आलेल्या या धाकट्या महोत्सवात बहुतेक कलावंत स्थानिक किंवा आसपासच्या राज्यांतले असतात आणि कितीतरी कार्यक्रम मोफत किंवा अगदी थोड्या पैशांत असतात. चर्चमधलं समूहगान, बागेतली कवितावाचनं, मुलांचे खेळ, मॅरियन स्क्वेअरमध्ये झाडांखाली मांडलेली चित्रं. चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात, बोलायला उत्सुक असतात. मोठ्या महोत्सवाचं एखादं तिकीट आणि बाकी वेळ पिकोलोला, असा हिशेब ठेवला तर खिसाही सांभाळला जातो आणि शहराची ओळखही जास्त होते.

मला मात्र या दोन्हींपेक्षा मोजा महोत्सव अधिक जवळचा वाटतो. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपणारा हा उत्सव आफ्रिकन-अमेरिकन आणि कॅरिबियन कलांचा आहे, 1984 पासून चालू आहे. पर्यटक थोडे, स्थानिक कुटुंबं भरपूर. आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, मुलं समोर गवतावर नाचतात. उन्हाची काहिली उतरलेली असते. वादळांचा मोसम मात्र चालू असतो, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

उत्सवाच्या तारखा जमल्या नाहीत तरी रिकाम्या हाताने परतायची वेळ येत नाही. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी सकाळी मॅरियन स्क्वेअरमध्ये शेतकरी बाजार भरतो. भेंडी, चवळीच्या ओल्या शेंगा, रताळी, टोमॅटो, टरबुजं पाहून आपल्याकडची माणसं तिथेच रमतात. याच चौकात गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याचा उंच पुतळा होता, तो जून 2020 मध्ये उतरवला गेला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी किंग स्ट्रीटचा मोठा भाग गाड्यांसाठी बंद होतो आणि रस्त्यावर माणसं, मुलं, कुत्री, वादक यांची गर्दी होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी जुन्या फ्रेंच क्वार्टरमधली कलादालनं उशिरापर्यंत उघडी राहतात. आत जायला पैसे पडत नाहीत. कॉलेज ऑफ चार्ल्सटनच्या आवारातलं हाल्सी कलादालनही मोफत आहे आणि समकालीन कलेसाठी मी तिथेच जायला सांगेन. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. दमट उन्हाळा मुंबईकरांना ठाऊक असतो, पण तिथे भरदुपारी सावली नसलेल्या रस्त्यांवर तासन्‌तास चालायचं असतं, हे विसरू नका.

काय खावं, आणि शाकाहाऱ्यांनी काय विचारावं

इथल्या स्वयंपाकाचा पाया भात आणि मका. मक्याच्या जाडसर कण्या मंद आचेवर बराच वेळ शिजवून केलेलं मऊ ‘ग्रिट्स’ हे त्यांचं रोजचं अन्न. त्यावर कोळंबी घातली की झाला ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’. पूर्वी तो कोळंबी पकडणाऱ्यांचा सकाळचा नाश्ता होता, आता चकाचक हॉटेलांत रात्रीच्या जेवणात त्याला भरपूर पैसे मोजावे लागतात. टोमॅटोत शिजवलेला लाल भात, म्हणजे ‘रेड राइस’, हा पश्चिम आफ्रिकेतल्या जोलोफ भाताचा सख्खा नातेवाईक. नववर्षाच्या दिवशी चवळीच्या जातीचं कडधान्य घालून केलेला ‘हॉपिन जॉन’ आणि सोबत हिरवी पालेभाजी खाल्ली की वर्ष बरकतीचं जातं, असं मानतात. चवळी आणि तीळ आफ्रिकेतून आलेल्या लोकांबरोबर या किनाऱ्यावर रुजले, भेंडीही त्याच वाटेने आली. तिळाची पातळ, कुरकुरीत बिस्किटं ‘बेने वेफर’ म्हणून सिटी मार्केटमध्ये मिळतात. घरी न्यायला याहून चांगला खाऊ नाही. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र वेष्टनावरची यादी वाचावी, बहुतेकांत ते असतं.

खेकड्याच्या गाबोळीचं, सायीचं ‘शी-क्रॅब सूप’ इथलं मानाचं. ते आजच्या रूपात आणण्याचं श्रेय विल्यम डीस या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याला दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शहराच्या महापौरांच्या घरी काम करत. त्यात शेरी असते. दारू वर्ज्य असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

जेवायला कुठे जावं? एक दुपार तरी जुन्या शहरातून बाहेर पडा आणि नॉर्थ चार्ल्सटनमधल्या ‘बर्थाज किचन’मध्ये जा. एका कुटुंबाची खाणावळ. रांगेत उभं राहायचं, समोरच्या परातींतून हवं ते मागायचं, थाळी घेऊन बसायचं. तळलेलं कोंबडं, भेंडीचं सूप, लाल भात, पावट्यासारख्या लिमा बियांची उसळ. 2017 मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने देशातल्या अभिजात खाणावळींत तिचा गौरव केला, तरी थाट तोच राहिला आहे. डुकराचं मांस खाणाऱ्यांसाठी किंग स्ट्रीटवर रॉडनी स्कॉट यांचं दुकान आहे. लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर अख्खा प्राणी भाजण्याची ग्रामीण पद्धत त्यांनी शहरात आणली आणि 2018 मध्ये बिअर्ड पुरस्कार मिळवला.

आता शाकाहाऱ्यांबद्दल, कारण फसगत इथेच होते. ताटात दिसणारी पालेभाजी निरागस दिसते, पण कोलार्डची भाजी बहुधा डुकराच्या धुरावलेल्या हाडाबरोबर शिजवलेली असते. लाल भातात सॉसेज किंवा बेकन असतं. उसळींत मांसाचा तुकडा चवीला टाकलेला असतो. ग्रिट्स कधी पाण्यात, कधी दुधात, तर कधी कोंबडीच्या रश्श्यात शिजतात. भेंडी पिठात घोळवून तळलेली असते, पण तेल मासळीचंच असू शकतं. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढं सांगून भागत नाही, कारण ‘भाजीत मांस नाही ना’ याचं उत्तर तुकडे पाहून दिलं जातं. थेट विचारा: ही भाजी कोणत्या पाण्यात शिजवली? यात हाड घातलं होतं का? तळायचं तेल वेगळं आहे का? विचारण्याला कुणी वावगं समजत नाही. उलट काउंटरपलीकडच्या मावशी ‘हे घेऊ नका, ते घ्या’ असं आपुलकीने सांगतात. लोणी घातलेले ग्रिट्स, कॉर्नब्रेड, साखरेच्या पाकातली रताळी, कोबीचं कोशिंबिरीसारखं कोलस्लॉ, टोमॅटो-भेंडीची शिजवलेली भाजी असं मिळून पोटभर जेवण होऊ शकतं. अंड्याचं पथ्य असेल तर कॉर्नब्रेड आणि मेयोनेज घातलेलं कोलस्लॉ सोडा.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. रस्त्याकडेला मोठं पातेलं आणि ‘बॉइल्ड पीनट्स’ अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली की गाडी थांबवा. ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडलेल्या, अगदी दाणा मऊ होईपर्यंत. 2006 पासून हा या राज्याचा अधिकृत खाऊ आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ताज्या शेंगा येतात. परदेशात वाढलेल्या नातवंडांना आजोबांनी शेंग फोडून रस कसा चोखायचा ते शिकवावं, अशी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मासे खाणाऱ्यांनी हिवाळ्यात यायचा विचार जरूर करावा. थंडीचे महिने कालवांचे. जाळावर लोखंडी पत्रा ठेवतात, त्यावर चिखल धुतलेल्या कालवांचे घोस टाकतात, वर ओलं गोणपाट. वाफेने शिंपल्या किंचित उघडल्या की फावड्याने उचलून लाकडी मेजावर ओततात. मग ज्याने त्याने आपली उघडून खायची. डाव्या हातात जाड हातमोजा किंवा फडकं, उजव्या हातात बोथट टोकाची सुरी. सांध्यात टोक घालून पिळायचं, ओढायचं नाही. कोकणात खडकावरची कालवं ज्यांनी काढली आहेत त्यांना हे नवं नाही, पण ही कालवं चिखलातून वाढतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून मुलांच्या हातात सुरी देऊ नका. चर्चच्या, शाळेच्या, अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी असे ‘ऑयस्टर रोस्ट’ ठरवतात. थोडी देणगी देऊन पाहुणाही बसू शकतो, आणि समाजजीवन पाहायचं तर मोठ्या व्यापारी महोत्सवापेक्षा ही मेजं बरी. हॉटेलातच खायचं तर फॉली बीचच्या वाटेवरचं ‘बोवेन्स आयलंड’ पाहा, दलदलीच्या काठावरचं, साध्या बाकांचं. खाऊन झालेल्या शिंपल्या कचऱ्यात टाकू नका. राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं त्या गोळा करून पुन्हा खाडीत ठेवतं. त्यांवरच नवी कालवं चिकटून वाढतात. शिंपल्यांसाठी वेगळं पिंप बहुधा शेजारीच असतं.

टोपली घेताना

सिटी मार्केटच्या लांबलचक पडव्यांत, ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आणि पुलापलीकडे माउंट प्लेझंटमध्ये हायवे 17 च्या कडेला बायका गवताच्या टोपल्या मांडून बसलेल्या दिसतात. हात सतत चालू असतात. ही कला पश्चिम आफ्रिकेतून आली. पहिल्या टोपल्या कामाच्या होत्या. भात पाखडायच्या रुंद, उथळ टोपल्या पाहिल्या की आपलं सूप आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त त्या गोल असतात. पुढे भातशेती संपली, कूपर नदीवर 1929 मध्ये पूल झाला, मोटारी येऊ लागल्या, आणि माउंट प्लेझंटच्या बायकांनी रस्त्याकडेला घरगुती वापराच्या टोपल्या विकायला सुरुवात केली. आजच्या काही विक्रेत्या त्याच घराण्यांतल्या आहेत.

टोपली विणत नाहीत, शिवतात. स्वीटग्रास नावाच्या गवताचा जुडगा गोलाकार वळवत न्यायचा आणि पामच्या पानाची पट्टी भोकातून ओवत प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला घट्ट बांधायचा. भोक पाडायला पूर्वी हाडाचं टोक असे, आता घासून चपटा केलेला चमच्याचा दांडा असतो. तपकिरी पट्टे येतात ते पाइनच्या सुयांचे किंवा बुलरश या लव्हाळ्याचे. लहान परडीलाही दिवस जातो, मोठीला आठवडे, कधी महिने. म्हणून किमतीही तशाच: तळहाताएवढ्या परडीला पन्नास डॉलरच्या आसपास, मोठ्या टोपलीला शेकडो.

इथे माझी एक आग्रहाची विनंती आहे. घासाघीस करू नका. आपल्या बाजारांत ती रीत असेल, पण गवत कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकाच बाईचं काम असलेल्या वस्तूची किंमत पाडून मागणं तिला लागतं. परवडत नसेल तर लहान घ्या, किंवा नुसतं पाहा आणि विचारा. बोलायला त्या नाही म्हणत नाहीत. फोटो मात्र परवानगीनेच, आणि काही न घेता काम करणाऱ्या हातांवर कॅमेरा रोखू नका. निवडताना टाके जवळजवळ आणि सारखे आहेत का, तळ सपाट बसतो का, कडा पक्की आहे का ते पाहा, आणि ‘ही कुणी शिवली’ असं जरूर विचारा. खऱ्या टोपलीमागे नाव असतं. आयात केलेल्या स्वस्त नकलाही बाजारात दिसतात. घरी आणल्यावर धूळ बसली तर गार पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि हवेशीर जागी वाळवा.

2006 मध्ये राज्याने या कलेला अधिकृत हस्तकलेचा दर्जा दिला. मेरी जॅक्सन या कलावतीला 2008 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तिच्या टोपल्या संग्रहालयांत आहेत. पण गवत मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. ते समुद्रकाठच्या वाळूत वाढतं आणि ती जमीन आता फाटकबंद वसाहतींच्या, गोल्फच्या मैदानांच्या ताब्यात गेली आहे. ज्या बायकांच्या आज्या तिथे मोकळेपणाने गवत कापत, त्यांना आता दूरवरून विकत आणावं लागतं. शहराच्या मूळ भागातही पूर्वी कृष्णवर्णीय कुटुंबं बहुसंख्य होती. भाडी आणि कर परवडेनासे होऊन ती बाहेर ढकलली गेली. टोपलीचे पैसे थेट शिवणाऱ्या बाईच्या हातात द्या, असं सांगण्यामागे हे सगळं आहे.

हातकामाची आवड असेल तर फिलिप सिमन्स यांची फाटकं शोधत एक सकाळ चाला. हे लोहार 1912 मध्ये डॅनियल आयलंडवर जन्मले आणि 2009 मध्ये गेले. त्यांनी घडवलेली पाचशेहून अधिक कामं आहेत, त्यांतली कित्येक फाटकं आणि जाळ्या आजही जुन्या घरांच्या दारांवर आहेत. ब्लेक स्ट्रीटवरचं त्यांचं घर आणि भट्टी जपून ठेवली आहे.

जिथे वेळ द्यायलाच हवा

अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी फार मोठा हिस्सा, साधारण चाळीस टक्के, चार्ल्सटन बंदरातून आला. त्यांतल्या हजारोंना जिथे उतरवलं त्या गॅड्सडेन धक्क्यावर जून 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, कारण खालची जमीन पवित्र मानून मोकळी ठेवली आहे. खालची बाग विनामूल्य आहे. तिथे फरशीवर उथळ पाण्याखाली जहाजात दाटीने झोपवलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. पाणी भरतं आणि ओसरतं. संग्रहालयाला किमान तीन तास द्या आणि तिकीट वेळ ठरवून आधीच काढा. त्याच दिवशी दुसरं काही भारी ठेवू नका.

सिटी मार्केट म्हणजे गुलामांचा बाजार, असं बरेच जण समजतात. तिथे मांस, मासळी, भाजी विकली जाई. माणसांची विक्री व्हायची त्यांतली एक जागा चामर्स स्ट्रीटवर आहे. तिथे आता ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट’ हे लहान संग्रहालय आहे. शाळकरी मुलांना आधी घरी थोडं समजावून मग न्या. मळा पाहायचाच असेल तर जेम्स आयलंडवरचा मॅक्लॉउड निवडा. तिथले मार्गदर्शक मालकाच्या दिवाणखान्यापेक्षा गुलामांच्या खोपटांबद्दल जास्त बोलतात. त्या खोपटांत माणसं 1990 पर्यंत राहत होती. ओकच्या कमानीखाली साखरपुड्याचे फोटो काढायची पद्धत आपल्यातही पोचली आहे. ती झाडं कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या श्रमांवर वाढली हे मॅक्लॉउड पाहून आल्यावर ठरवा आणि मग जागा निवडा.

कॅल्हून स्ट्रीटवर इमॅन्युएल चर्च आहे. 17 जून 2015 च्या संध्याकाळी बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने गोळ्या घातल्या, आणि तरी रविवारच्या प्रार्थनेला दार उघडंच राहिलं. पाहुण्यांचं स्वागत होतं. जायचं तर देवळात जातो तसं जा: वेळेवर, नीट कपड्यांत, फोन बंद करून, आणि प्रार्थना संपेपर्यंत बसा. पेटी फिरते तेव्हा काहीतरी टाका.

गाण्यांची आवड असणाऱ्यांनी ईस्ट बे स्ट्रीटवरची जुनी सिगार फॅक्टरी पाहावी. 1945 च्या ऑक्टोबरात तिथल्या कामगारांनी, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय बाया होत्या, संप केला आणि थंडी-पावसात दाराशी उभं राहून एक जुनं चर्चगीत संपाचं गाणं म्हणून गायलं. तेच पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत जगभर गेलं आणि ‘हम होंगे कामयाब’ होऊन आपल्या शाळांच्या प्रार्थनेत आलं. आत आता कार्यालयं आणि दुकानं आहेत, बाहेर इतिहास सांगणारा फलक आहे. याच शहरातल्या चर्च स्ट्रीटवर ‘कॅबेज रो’ नावाची घरं आहेत. ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातली वस्ती त्यांवरून बेतलेली. जॉर्ज गर्शविन यांनी 1934 चा उन्हाळा फॉली बीचवर राहून गला लोकांचं गाणं ऐकलं. 1935 मध्ये न्यू यॉर्कला रंगमंचावर आलेली ही कलाकृती खुद्द चार्ल्सटनमध्ये व्हायला 1970 उजाडावं लागलं, कारण वर्णभेद.

गाडी, भरती आणि वादळ

मीटिंग स्ट्रीटवरच्या पर्यटक केंद्राशेजारी गाडी लावा आणि ‘डॅश’च्या मोफत बसने फिरा. जुन्या भागात दगडगोट्यांचे रस्ते आणि उखडलेल्या विटांचे पदपथ आहेत; गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मऊ तळव्याचे बंद बूट हवेत. शहरात हॉटेल महाग, माउंट प्लेझंट किंवा नॉर्थ चार्ल्सटनला बरंच स्वस्त. संध्याकाळी रॅव्हनेल पुलाच्या पादचारी मार्गावर चालायला जा, चढ हळू घ्या. कार्यक्रमांसाठी ‘चार्ल्सटन सिटी पेपर’ हे मोफत साप्ताहिक रस्त्यावरच्या पेट्यांतून मिळतं.

भरतीचं वेळापत्रक मात्र निघण्यापूर्वीच पाहा. शहर सखल आहे आणि बराचसा भाग खाडी बुजवून केलेला आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबर, आभाळ निरभ्र असतानाही गटारांतून पाणी वर येतं. बंदरातली भरती सात फुटांवर जाणार असं भाकीत असेल तर सखल रस्त्यांवर पाणी साचणार हे धरून चाला. त्यात सर आली की सिटी मार्केटच्या आसपास घोटाभर, कधी गुडघाभर पाणी होतं. अशा पाण्यात गाडी घालू नका. ते खारं असतं आणि गाडीचा पत्रा, तारा सगळं खातं. भरतीच्या आधी-नंतरचे दोन तास संग्रहालयात किंवा नाट्यगृहात काढा आणि गाडी वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर ठेवा.

चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. सप्टेंबर 1989 मधलं ह्यूगो तिथली वडीलधारी माणसं अजून विसरलेली नाहीत. मोजा महोत्सवाच्या दिवसांसाठी हॉटेल घेताना शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असंच घ्या. आई-बाबांची औषधं आणि पासपोर्ट एका पिशवीत हाताशी ठेवा, गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. किनारा रिकामा करायचा आदेश आलाच तर सामानासाठी रेंगाळू नका. आय-26 ने कोलंबियाच्या दिशेने निघा. मोठ्या वादळात तिच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या जातात.